हिशेब तपासणाऱ्यास कोणीं नेमावें ?

जुन्या पेढीवर हिशेबाचा प्रश्न फारसा अवघड नव्हता. शेटजी गादीवर बसत, मुनीम समोर वही उघडून बसे आणि संध्याकाळीं रोजकीर्दीची शिल्लक तिजोरींतील रकमेशीं जुळली म्हणजे दिवस संपे. ज्याचा पैसा त्याचेच डोळे वहीवर असत. मुनिमानें लबाडी केली तर शेटजी ती पकडीत. शेटजींनीं स्वतःच स्वतःस फसविलें तर तो त्यांच्या घरचा मामला होता. एकोणिसाव्या शतकांत भागभांडवलाच्या मोठाल्या कंपन्या निघाल्या आणि ही सोपी व्यवस्था मोडली. पैसा हजारों लोकांचा आणि कारभार पांचदहा जणांचा, असा प्रकार सुरू झाला. ज्याचा पैसा तो दूरच्या गांवीं आणि वही लंडनच्या किंवा मुंबईच्या कचेरींत. अशा स्थितींत मालकानें वही पाहावी कशी ? दुसऱ्या कोणाकडून तरी पाहवून घ्यावी, हें उत्तर उघडच होतें. परंतु त्या दुसऱ्या माणसास नेमावें कोणीं, त्याचें वेतन ठरवावें कोणीं आणि त्यास कांहीं संशय आला तर त्यानें तो कोणाच्या कानीं घालावा, या तीन प्रश्नांचा उलगडा करण्यांत शंभराहून अधिक वर्षें गेलीं. आज कंपन्यांच्या कारभारांत जिला ऑडिट कमिटी किंवा हिशेब-तपासणी समिति म्हणतात, ती या प्रश्नांतूनच जन्मास आली.

आरंभ इंग्लंडांतील आगगाड्यांपासून करावा लागतो. इ. स. १८४५ च्या सुमारास त्या देशांत रेल्वेच्या शेअरांचें वेड शिगेस पोंचलें होतें. यॉर्क शहरचा जॉर्ज हडसन हा त्या काळचा पुढारी. लोक त्यास रेल्वेचा राजा म्हणत. त्याच्या कंपन्या भरघोस डिव्हिडंड वाटीत, म्हणून लोक त्याच्या पायांशीं पैसा आणून ओतीत. १८४९ सालीं भागधारकांनीं चौकशी-समित्या नेमून वह्या उघडल्या, तेव्हां दिसून आलें कीं वांटलेला पैसा पुष्कळ अंशीं नफ्याचा नसून भांडवलाचाच होता. लोकांच्या एका खिशांतून काढलेला रुपया त्यांच्याच दुसऱ्या खिशांत घालून त्यांतील कांहीं आणे वाटेंत गळत होते, असेंच म्हणावयाचें. राजा गादीवरून उतरला.

त्या वेळच्या कायद्याप्रमाणें रेल्वे-कंपनीचा हिशेब-तपासनीस हा भागधारकांपैकींच एक असावा लागे. ज्याचें हित गुंतलें आहे तोच डोळ्यांत तेल घालून पाहील, ही त्यामागील समजूत. ती समजूत चुकीची नव्हती. परंतु हित असणें वेगळें आणि वही वाचतां येणें वेगळें. म्हणून या हौशी तपासनिसांस कंपनीच्या खर्चानें जाणता हिशेबनीस मदतीस घेण्याची मुभा दिलेली होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें १८४९ सालीं अशा कामासाठीं विल्यम वेल्च डेलॉइट नांवाच्या तरुण गृहस्थास बोलाविलें. पुढें १८७२ च्या फेब्रुवारींत याच कंपनीच्या ऑडिट कमिटीनें भागधारकांपुढें एक लहानसा अहवाल ठेवला. तपासनीस आणि मिस्टर डेलॉइट हे कमिटीसमोर हजर राहिले, त्यांनीं पैशाच्या आणि इतर खात्यांच्या बाबी समजावून सांगितल्या, आणि कमिटीचें समाधान झालें, एवढाच त्याचा मतलब. या विषयाचे अभ्यासक जुन्यांत जुना दाखला म्हणून बहुधा याच कागदाकडे बोट दाखवितात. कागद छोटा असला तरी त्यांत मूळ कल्पना पुरती आलेली आहे. तपासनीस कारभाऱ्यांच्या खोलींत बसून आपलें मत कुजबुजत नाहीं. कारभाराशीं प्रत्यक्ष संबंध नसलेल्या कांहीं माणसांसमोर उभा राहून तो बोलतो.

याच सुमारास मुंबईंत काय चाललें होतें, तें मुंबईकरांस राजाबाई टॉवरकडे पाहून आठवावयास हरकत नाहीं. हा मनोरा ज्यांच्या देणगींतून उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंद यांचें नांव १८६५ च्या शेअर-बाजाराशीं कायमचें जोडलेलें आहे. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा पैसा कापसापायीं मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडूं लागला. बॅक बेचा समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, बँकांवर बँका निघाल्या. बँक ऑफ बाँबे ही त्यांतली सर्वांत भारदस्त. तिच्या संचालक मंडळावर सरकारनें नेमलेले डायरेक्टरहि बसत, त्यामुळें लोकांस ती सरकारचीच वाटे. १८६३ सालीं कायदा बदलला आणि शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट या बँकेस मोकळी झाली. सेक्रेटरीच्या हातीं मोठी सत्ता, आणि त्याचा प्रेमचंदांच्या शब्दावर विश्वास. ते म्हणतील त्यास कर्ज मिळे. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि तारण ठेवलेल्या शेअरांची रद्दी झाली. १८६८ सालीं बँक गुंडाळावी लागली. भांडवलाचा बहुतेक सर्व भाग बुडाला होता. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशनपुढें जो इतिहास आला त्यांत लबाडीपेक्षांहि डायरेक्टरांच्या गाफिलपणाचा भाग मोठा होता. सरकारी डायरेक्टर बिनसरकारींवर विसंबले, बिनसरकारी सरकारींवर, आणि दोघेहि सेक्रेटरीवर. बाहेरची माणसें मंडळावर नुसतीं बसविल्यानें कांहीं साधत नाहीं, हा धडा मुंबईनें फार महाग किंमतीस विकत घेतला. पुढें तो विसरला गेला, ही गोष्ट वेगळी.

ऑडिट कमिटीची कल्पना आजच्या स्वरूपांत पुढें आली ती मात्र अमेरिकेंत, आणि एका तोतयाच्या कृपेनें. ती हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

मॅकेसन अँड रॉबिन्स ही न्यूयॉर्क शहरांत १८३३ सालीं स्थापन झालेली औषधांची जुनी पेढी. १९२६ सालीं ती डॉ. एफ. डोनाल्ड कॉस्टर नांवाच्या गृहस्थानें विकत घेतली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यानें देशभरच्या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांस एकत्र करून तिचें रूपांतर एका अवाढव्य कंपनींत केलें. तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारांत विकले जाऊं लागले. अमेरिकेंतील थोरामोठ्यांच्या प्रसिद्ध चरित्रकोशांत डॉ. कॉस्टरचें नांव होतें आणि नांवापुढें हायडेलबर्ग विद्यापीठाच्या पदव्या होत्या. त्या पदव्या त्यानें स्वतःच स्वतःस दिलेल्या होत्या. किंबहुना कॉस्टर हें नांवहि त्यानें स्वतःच ठेवून घेतलें होतें. त्याचें खरें नांव फिलिप म्युझिका. इटलींतून आलेल्या एका कुटुंबांतला हा मुलगा. परदेशी चीज आयात करतांना जकातीच्या वजनदारांस लांच दिल्याबद्दल १९०९ सालीं तो तुरुंगांत गेला होता आणि अध्यक्ष टॅफ्ट यांच्या माफीनें बाहेर आला होता. त्यानंतर त्यानें केसांचा व्यापार काढला. त्या काळीं स्त्रियांच्या गंगावनांसाठीं लांब केसांस मोठी किंमत येई. उत्तम केसांच्या म्हणून दाखविलेल्या पेट्यांत कवडीमोलाचा कचरा भरून त्यांवर त्यानें बँकांकडून कर्ज उचललें, आणि १९१३ सालीं तो पुन्हां पकडला गेला. पुढें अमेरिकेंत दारूबंदी आली, तेव्हां केसांना लावण्याच्या औषधाच्या नांवाखालीं मद्यार्क विकण्याचा धंदा त्यानें मांडला. केसांशीं या माणसाचें कांहीं विलक्षण नातें असावें.

मॅकेसन कंपनीचा बहुतेक व्यापार खरा होता. खरा नव्हता तो फक्त कच्च्या औषधी द्रव्यांच्या खात्याचा. कागदोपत्रीं पाहिलें तर हें खातें कॅनडांतील पांच व्यापाऱ्यांकडून माल घेई, तो त्यांच्याच गोदामांत राहूं देई, आणि डब्ल्यू. डब्ल्यू. स्मिथ आणि कंपनी या अडत्यामार्फत परदेशीं विकी. पैसे माँट्रिअलच्या मॅनिंग आणि कंपनी या पेढींतून येत-जात. बिलें होतीं, पत्रें होतीं, मालाच्या याद्या होत्या. माल तेवढा नव्हता. स्मिथ कंपनी म्हणजे कॉस्टरचा सख्खा भाऊ. तो दुसऱ्याच नांवानें वावरत होता. आणखी दोन भाऊ निराळींच आडनांवें लावून खुद्द मॅकेसन कंपनींत नोकरीस होते. त्यांपैकीं एक साहाय्यक खजिनदार होता. चार भावांनीं मिळून एक अख्खा व्यापार कागदावर चालविला होता. १९३७ च्या अखेरच्या ताळेबंदांत कंपनीची एकंदर मालमत्ता सुमारें ८ कोटि ७० लाख डॉलर दाखविली होती. त्यांतील जवळजवळ १ कोटि ९० लाख हवेंतले होते. सुमारें एक कोटीचा माल नसलेल्या गोदामांत पडून होता, आणि सुमारें ९० लाखांचें येणें नसलेल्या गिऱ्हाइकांकडे थकलें होतें.

आतां कोणीहि विचारील कीं या कंपनीचे हिशेब तपासले जात नव्हते काय ? जात होते, आणि तेहि प्राइस वॉटरहाउससारख्या नांवाजलेल्या पेढीकडून. परंतु गोदामांत जाऊन माल डोळ्यांनीं पाहावा, किंवा देणेकऱ्यांस परभारें पत्र लिहून 'तुम्ही इतकें देणें लागतां हें खरें काय' असें विचारावें, हा त्या वेळच्या तपासणीचा ठरलेला भाग नव्हता. मालाच्या यादीवर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही आहे, कॅनडाच्या व्यापाऱ्याचें पत्र जोडलेलें आहे, बेरीज बरोबर आहे, एवढ्यावर भागत असे. स्मिथ कंपनीच्या पतीविषयीं डन अँड ब्रॅडस्ट्रीट या प्रसिद्ध संस्थेचा अहवालहि दप्तरांत होता, तोहि बनावट. आणि तपासनिसांची ही पेढी निवडली होती कॉस्टरनेंच. जो तपासावयाचा त्यानेंच आपला तपासनीस निवडला होता.

हें बिंग ज्यानें फोडलें तो तपासनीस नव्हता, सरकारी अंमलदारहि नव्हता. कंपनीचा खजिनदार ज्युलियन थॉम्प्सन हा फावल्या वेळीं नाटकें लिहिणारा माणूस होता. त्याचें एक नाटक १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर बरेंच गाजलें होतें. त्यास एका साध्या गोष्टीचें कोडें पडलें. हें खातें वर्षानुवर्षें एवढा नफा दाखवितें, मग त्यांतून रोख पैसा कंपनीच्या हातीं कधीं कां येत नाहीं ? सगळा नफा नव्या मालांतच कां अडकतो ? माल कमी करा असा संचालकांनीं आग्रह धरला तर तो उलट वाढतोच कसा ? मग त्यानें विम्याची चौकशी केली. एवढ्या लाखोंच्या मालाचा विमा कोठें उतरविला आहे, याचा समाधानकारक पुरावा मिळेना. त्यानें स्मिथ कंपनीचा माग काढला, तों मोठ्या व्यापारी संस्थेऐवजीं टपालाची ये-जा करणारी एक कचेरी तेवढी हातीं लागली. पतीचा तो अहवाल त्यानें डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडे नेऊन दाखविला. त्यांनीं सांगितलें कीं हा आमचा नव्हे. थॉम्प्सननें जें केलें त्यास हिशेबशास्त्राचें मोठें ज्ञान लागत नव्हतें. ज्याच्या हाताखालीं आपण काम करतों त्याचेंच उत्तर न मानण्याचें धैर्य मात्र लागत होतें, आणि सबंध संचालक मंडळांत आणि तपासनिसांच्या पेढींत मिळून तें दहा वर्षें कोणापाशीं दिसलें नाहीं.

डिसेंबर १९३८ च्या पहिल्या आठवड्यांत कंपनी रिसीव्हरच्या हातीं गेली आणि तिच्या शेअरांचे व्यवहार थांबले. कॉस्टरच्या बोटांचे ठसे घेण्यांत आले आणि पंचवीस वर्षांपूर्वींच्या दप्तरांतून फिलिप म्युझिका बाहेर पडला. १६ डिसेंबर रोजीं कनेक्टिकटमधील फेअरफील्ड येथें आपल्या घरीं त्यानें पिस्तूल झाडून घेतलें. प्राइस वॉटरहाउसनें आपल्या फीचे पांच लाखांहून अधिक डॉलर परत केले. मूळ व्यापार धड असल्यामुळें कंपनी मात्र वांचली. १९४१ सालीं ती रिसीव्हरच्या हातून सुटली.

या प्रकरणाचे दोन परिणाम झाले. पहिला हिशेब-तपासनिसांच्या धंद्यावर. १९३९ सालींच अमेरिकन हिशेबनिसांच्या संस्थेनें ठरविलें कीं माल स्वतः जाऊन पाहावा, आणि येण्याविषयींचीं पत्रें तपासनिसानें स्वतः पाठवावीं. त्यांचीं उत्तरेंहि थेट त्याच्याच हातीं यावीं, कंपनीच्या टपालांतून नव्हेत. हा शेवटचा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुन्हां यावयाचा आहे. दुसरा परिणाम संचालक मंडळांवर. न्यूयॉर्कच्या शेअर-बाजारानें १९३९ सालीं आणि सरकारच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननें १९४० सालीं अशी शिफारस केली कीं जे कंपनीचे नोकर नाहींत अशा संचालकांच्या समितीनें तपासनिसाची निवड करावी. कमिशन आणखीहि पुढें गेलें. तपासनिसास भागधारकांनीं मत देऊन निवडावें, त्याचा अहवाल त्यांच्याच नांवें असावा, आणि वार्षिक सभेंत त्यानें हजर राहून प्रश्नांस उत्तरें द्यावीं, असें त्यानें सुचविलें.

येथें एक शंका येते. भागधारकांनीं तपासनीस निवडावा हें इंग्लंड-हिंदुस्थानांत तर कायद्यांतच होतें. १९१३ च्या इंडियन कंपनीज ॲक्टप्रमाणें प्रतिवर्षीं सर्वसाधारण सभेनेंच त्यास नेमावयाचें असे. मग निराळी समिति कशाला ? याचें उत्तर मुंबईच्या गिरण्यांच्या वार्षिक सभांस गेलेल्या जुन्या लोकांस ठाऊक होतें. सभा भागधारकांची, परंतु मतांचा गठ्ठा मॅनेजिंग एजंटाच्या खिशांत. नाशिकचा किंवा सोलापूरचा पेन्शनर आपल्या दहा शेअरांसाठीं आगगाडीचें भाडें खर्चून मुंबईस येत नसे. तो छापील कागदावर सही करून आपलें मत ज्यास देई, तो बहुधा एजंटाचाच माणूस असे. एजंट सुचवील तोच ऑडिटर. ही एजन्सी-पद्धति १९७० च्या एप्रिलांत कायद्यानें बंद झाली, पण मतांचा गठ्ठा मालक घराण्यांच्या हातीं तसाच राहिला. विखुरलेल्या हजारांची निवड ही नांवाची निवड होते, म्हणून हजारांच्या वतीनें खरोखर विचार करणारीं तीन-चार माणसें हवीं, असा त्या अमेरिकन शिफारशीचा आशय होता.

शिफारस झाली आणि ती बहुतेकांनीं कपाटांत ठेवून दिली. युद्ध आलें, त्यानंतर भरभराटीचे दिवस आले, आणि चांगल्या दिवसांत वही तपासण्याची उठाठेव कोणास नको असते. १९७० सालीं पेन सेंट्रल ही प्रचंड रेल्वे-कंपनी बसली, १९७३ सालीं इक्विटी फंडिंग या विमा-कंपनीचीं हजारों बनावट विमापत्रें उघडकीस आलीं, तेव्हां जुना कागद पुन्हां बाहेर निघाला. १९७७ सालीं न्यूयॉर्क बाजारानें नियम केला कीं ३० जून १९७८ पर्यंत आपल्या यादींतील प्रत्येक अमेरिकन कंपनीनें स्वतंत्र संचालकांची ऑडिट कमिटी नेमलीच पाहिजे. शिफारशीपासून सक्तीपर्यंत अडतीस वर्षें लागलीं. इंग्लंडांत, जेथें ग्रेट वेस्टर्नची कमिटी होऊन गेली होती, तेथें हीच कल्पना १९९२ च्या डिसेंबरांत सर एड्रियन कॅडबरी यांच्या समितीच्या अहवालांतून नव्यानें उपदेशिली गेली. आदल्या वर्षीं रॉबर्ट मॅक्सवेल समुद्रांत बुडून मेला होता, आणि त्याच्या नोकरांच्या पेन्शनचा पैसा नाहींसा झाल्याचें त्यानंतर कळलें होतें.

समिति असली म्हणजे निभावलें असें मात्र नव्हे. २००१ च्या डिसेंबरांत दिवाळें निघालेल्या एनरॉन कंपनीस ऑडिट कमिटी होती, आणि तिचे अध्यक्ष रॉबर्ट जेडिक हे स्टॅनफर्ड विद्यापीठांत हिशेबशास्त्राचेच प्राध्यापक होते. याहून जाणता अध्यक्ष आणावयाचा कोठून ? तरी कंपनीच्या मुख्य वित्त-अधिकाऱ्यानें स्वतःच चालविलेल्या संस्थांशीं केलेले व्यवहार त्या कमिटीच्या डोळ्यांसमोरून वर्षातून एकदां, वरवर पाहिले जाऊन, सरकत गेले. पुढच्या वर्षीं ३० जुलै रोजीं अमेरिकेंत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. ऑडिटर नेमणें, त्याची फी ठरविणें आणि त्याच्यावर देखरेख ठेवणें हा समितीचा अधिकार ठरला, आणि कंपनींतील साध्या कारकुनासहि आपलें नांव न सांगतां तिच्याकडे तक्रार नेण्याची सोय करावी लागली. पुढच्या थॉम्प्सनला दार सांपडावें, ही त्यांतली खरी मोलाची गोष्ट.

हिंदुस्थानांत ही समिति आली ती कुमारमंगलम बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालीं १९९९ सालीं सेबीनें नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून. २००० च्या फेब्रुवारींत शेअर-बाजारांच्या करारांत सुप्रसिद्ध एकोणपन्नासावें कलम घातलें गेलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत १९५६ च्या कंपनी कायद्यांत २९२-अ हें कलम आलें. पांच कोटींहून कमी नाहीं इतकें वसूल भांडवल असलेल्या प्रत्येक सार्वजनिक कंपनीस किमान तीन संचालकांची समिति आवश्यक झाली. त्यांतील दोन-तृतीयांश तरी कारभारी संचालक नसावेत असें ठरलें. समितीची शिफारस मंडळानें न मानल्यास कारणें लिहून ठेवावीं आणि तीं भागधारकांस कळवावीं, हीहि अट त्यांत होती. कागदावर पाहिलें तर कायदा चांगला होता.

त्या कायद्याची परीक्षा हैदराबादेंत झाली. सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्याहि बाजारांत नोंदलेली, म्हणून दोन्ही देशांचे नियम तिला लागू. संचालक मंडळावर हार्वर्डचे एक प्राध्यापक आणि हैदराबादेच्या नामांकित व्यवस्थापन-विद्यालयाचे डीन. तपासनीस प्राइस वॉटरहाउसची हिंदुस्थानांतील पेढी. २००८ च्या सप्टेंबरांत तिला उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' नांवाचें पारितोषिकहि मिळालें. १६ डिसेंबर २००८ रोजीं मंडळानें अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या दोन मायटास कंपन्या सुमारें १६० कोटि डॉलरांस घेण्याचा ठराव केला, आणि न्यूयॉर्कमध्यें शेअर कोसळतांच तो कांहीं तासांत मागें घेतला. कॉस्टरच्या अंतास त्या दिवशीं बरोबर सत्तर वर्षें झालीं होतीं. निव्वळ योगायोग, पण सुचवून गेल्याशिवाय राहवत नाहीं असा. ७ जानेवारी २००९ रोजीं राजू यांनीं मंडळास पत्र लिहून कळविलें कीं ताळेबंदांत रोख आणि बँकांतील शिल्लक म्हणून जे ५,३६१ कोटि रुपये दाखविले आहेत त्यांपैकीं ५,०४० कोटि मुळीं नाहींतच.

कॉस्टरनें निदान मालाची यादी बनविली होती. आणि माल मोजणें कष्टाचें असतें हें कबूल केलें पाहिजे. येथें तर बँकेंतली ठेव होती. बँक रस्त्यापलीकडे आहे. एक पत्र टाकलें कीं उत्तर यावें. तीं पत्रें लिहिलीं जात होतीं, आणि उत्तरेंहि येत होतीं. अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशननें आणि हिशेब-तपासणीवर देखरेख करणाऱ्या तेथील मंडळानें एप्रिल २०११ मध्यें त्या पेढीच्या शाखांना मिळून ७५ लाख डॉलर दंड केला, तेव्हां त्या निर्णयांत मुख्य दोष हाच दाखविला कीं शिलकेविषयींचीं पत्रें बँकांकडे पाठविण्याचें आणि त्यांचीं उत्तरें मिळविण्याचें काम तपासनिसांनीं आपल्या हातीं ठेवलें नाहीं. तें कंपनीच्या व्यवस्थापनावर सोंपविलें. १९३९ च्या नियमांतली ती टपालाची अट, हीच. ऑडिट कमिटीच्या मेजावर जें आलें तें या वाटेनें आलें. तिचे सभासद किती विद्वान आणि किती स्वतंत्र होते, याचा प्रश्न त्यापुढें उद्भवतच नव्हता. त्यांच्यापुढें आलेला प्रत्येक कागद एकाच हातांतून फिरून आला होता. तरी त्यांस पूर्णपणें दोषमुक्त मानतां येत नाहीं. एवढी रोख रक्कम बँकेंत पडून आहे तर कंपनी तिचें काय करणार आहे, हा थॉम्प्सनचा प्रश्न कोणासहि विचारतां आला असता.

कायदा पुन्हां बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमानें समितींत स्वतंत्र संचालकांचें बहुमत आवश्यक केलें. ऑडिटरची नेमणूक तिच्या शिफारशीनंतरच व्हावी असें ठरलें, आणि नोंदलेल्या कंपन्यांत एकाच पेढीनें दहा वर्षांहून अधिक काळ सलग बसूं नये असें बंधन घातलें गेलें. एप्रिल २०१५ मध्यें हैदराबादच्या विशेष न्यायालयानें राजू यांस आणि इतर नऊ जणांस दोषी ठरविलें. त्यांत दोघे हिशेब-तपासनीस होते. शिक्षांस पुढच्याच महिन्यांत स्थगिति मिळाली.

परंतु २००९ च्या जानेवारींत हे कायदे आणि निकाल दूर होते. सरकारनें जुनें मंडळ बरखास्त केलें आणि दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नव्या मंडळावर बसविलें. हजारों तरुण नोकरांस पुढच्या महिन्याचा पगार देण्याइतका पैसा खरोखर आहे काय, हें प्रथम पाहावयाचें होतें. त्या कंपनीच्या कोणत्याहि वहीवर आतां विश्वास ठेवतां येत नव्हता. नव्या मंडळानें हिशेब पुन्हां मांडण्यासाठीं दोन पेढ्या बोलाविल्या. एक केपीएमजी, आणि दुसरी डेलॉइट; ग्रेट वेस्टर्नच्या कमिटीसमोर हजर राहिलेल्या त्याच गृहस्थाच्या नांवाची. त्या वर्षाच्या एप्रिलांत कंपनी टेक महिंद्रानें घेतली, तरी दुरुस्त केलेले हिशेब जाहीर व्हावयास २०१० चा सप्टेंबर उजाडला. २०१३ च्या जूनांत तिचें पुण्याच्या टेक महिंद्रा कंपनींत विलीनीकरण झालें, आणि सत्यम् हें नांव शेअर-बाजाराच्या यादींतून निघून गेलें.